उन्हाळी, पांढरं जाणं आणि एचआयव्हीची टेस्ट : सातारा-सांगलीत जायचं कुठं, खर्च किती?

एचआयव्हीची चाचणी सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फुकट होते. गरमीची, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणीही सरकारी रुग्णालयात फुकट होते. परमा (गनोरिया), जांघेतली गाठ, जननेंद्रियावरचा फोड, अंगावरून पांढरं जाणं, या नेहमीच्या तक्रारींवरची औषधं सिव्हिलच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये पैसे न घेता देतात. तरीही याच तक्रारींवर हजारो रुपये घालवलेली माणसं दोन्ही जिल्ह्यांत सापडतात. काही पैसे मेडिकलवाल्याला हळूच विचारून घेतलेल्या गोळ्यांत गेलेले असतात, काही एसटी स्टँडच्या मुतारीतल्या जाहिरातीवरच्या 'खात्रीशीर इलाज'वाल्याकडे. सगळ्यात जास्त पैसे मात्र जातात ते फॅमिली डॉक्टरला अर्धीच गोष्ट सांगितल्यामुळे. म्हणून हे मार्गदर्शन फॅमिली डॉक्टरच्या केबिनपासून सुरू करतो. तिथली दहा मिनिटं नीट गेली तर पुढचा खर्च बराच आवाक्यात राहतो.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये

तालुक्याच्या गावात फॅमिली डॉक्टरची फी साधारण शंभर-दीडशे रुपये असते. सातारा, कराड, सांगली, मिरज शहरांत ती दोनशे ते तीनशेपर्यंत जाते. त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञाकडे गेलात तर चारशे ते सातशे. समुपदेशनाचे वेगळे पैसे फॅमिली डॉक्टर सहसा घेत नाहीत, ते याच फीमध्ये धरलेलं असतं. या लेखातले खासगी दर अंदाज बांधण्यापुरते आहेत. दवाखान्यागणिक आणि लॅबगणिक ते बदलतात, त्यामुळे आधी विचारा. विचारण्यात संकोच नको. डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार फी आधी सांगणं आणि दवाखान्यात लावणं अपेक्षित आहे.

अडचण फीची नाही, ओळखीची आहे. हा डॉक्टर तुमच्या वडिलांची शुगर बघतो, मुलाला ताप आला की तुम्ही याच्याकडेच धावता, बायकोही याचीच पेशंट. पडद्यापलीकडे कंपाउंडर पुड्या बांधत बसलेला, बाहेर बाकावर गल्लीतली दोन माणसं. अशा जागी माणूस म्हणतो, "डॉक्टर, उन्हाळी लागलीय." डॉक्टरसमोरही चाळीस पेशंटची रांग असते. तो लघवीच्या इन्फेक्शनची गोळी लिहितो. पण जळजळीमागे परमा असेल तर लघवीच्या इन्फेक्शनसाठी वर्षानुवर्षं लिहिल्या गेलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या गोळ्यांना तो आता दाद देत नाही. त्रास चार दिवस दबतो, पुन्हा उठतो. पुन्हा फी, पुन्हा गोळ्या. आणि महिन्याभरात बायकोला ओटीपोटात दुखायला लागतं. तिचा सोनोग्राफीचा खर्च कुणीही या पहिल्या चिठ्ठीच्या खात्यात मांडत नाही, पण तो तिथलाच असतो.

हे टाळायला एक वाक्य पुरतं. आत गेल्यावर आधी म्हणा, "डॉक्टर, जरा खासगी बोलायचंय," म्हणजे ते कंपाउंडरला बाहेर पाठवतील. मग सरळ सांगा : "महिन्यापूर्वी संबंध आला होता, निरोध वापरला नव्हता, आता हा त्रास आहे." कुणाशी, कुठं, का, यातलं काहीही सांगायची गरज नाही. तारीख आणि निरोध या दोन गोष्टींवर पुढची सगळी तपासणी ठरते.

चांगला डॉक्टर यानंतर काही प्रश्न विचारतो : अलीकडे किती जोडीदार होते, पुरुष की स्त्री, कोणत्या प्रकारचा संबंध, निरोध कधी वापरता आणि कधी नाही, असा आजार पूर्वी झाला होता का, गरोदरपणाची शक्यता आहे का. ही चौकशी नव्हे. जगभर डॉक्टरांना अशीच माहिती घ्यायला शिकवतात, कारण तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे संबंध आला असेल तर नमुनाही तिथूनच घ्यावा लागतो, नुसत्या लघवीच्या तपासणीत तो आजार दिसत नाही. पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील तर म्हणूनच ते सांगणं गरजेचं आहे. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधला संमतीचा असा संबंध गुन्हा राहिलेला नाही. डॉक्टरचा चेहरा बदलला, उपदेश सुरू झाला, तर डॉक्टर बदला. पन्नास वर्षांची ओळख असली तरी बदला. त्याचप्रमाणे जननेंद्रियावर फोड आहे असं सांगूनही जो न बघताच औषध लिहितो, त्याच्याकडून ते औषध घेऊ नका. गरमीचा फोड बहुधा दुखत नाही, नागीण जातीचा हर्पीस दुखतो, आणि हा फरक पाहिल्याशिवाय कळत नाही.

कोणती टेस्ट, केव्हा, किती रुपयांत

पैसे वाया जाण्याचं दुसरं कारण घाई. संबंध आल्यावर तिसऱ्याच दिवशी लोक भीतीने लॅबमध्ये जाऊन एचआयव्हीची टेस्ट करून घेतात आणि निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निश्चिंत होतात. त्या रिपोर्टला त्या संबंधापुरता काही अर्थ नसतो. मोठ्या लॅबमधली चौथ्या पिढीची चाचणी बहुतेकांमध्ये चार ते सहा आठवड्यांत संसर्ग पकडते. बोटातून थेंब घेऊन होणाऱ्या रॅपिड चाचणीसाठी तीन महिने धरावेत. सिफिलिसच्या रक्ततपासणीलाही काही आठवडे जावे लागतात आणि तीन महिन्यांनी ती एकदा पुन्हा करावी. परमा आणि क्लॅमिडिया साधारण दोन आठवड्यांत पीसीआरमध्ये दिसतात.

दर असे. खासगी लॅबमध्ये एचआयव्ही साधारण चारशे ते आठशे रुपये, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल दीडशे ते तीनशे, हिपॅटायटिस बीची एचबीएसएजी अडीचशे ते पाचशे, हिपॅटायटिस सीची पाचशे ते हजार. म्हणजे या चार टेस्टचं बिल तेराशे ते सव्वीसशे. परमा-क्लॅमिडियाची पीसीआर महाग, दीड ते तीन हजार, आणि नमुना बहुधा पुण्या-मुंबईला जातो, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. या टेस्टला सकाळची पहिली किंवा निदान तास-दोन तास धरून ठेवलेली लघवी लागते, आणि तीही सुरुवातीची धार. नेहमीच्या लघवी तपासणीसारखी मधली धार दिलीत तर महागडी टेस्ट फुकट जाऊ शकते. लॅबवाला सांगेलच असं नाही.

आता न करायच्या टेस्ट. लक्षण नसताना हर्पीसची रक्तातली अँटिबॉडी टेस्ट करू नका. ती कितीतरी लोकांत पॉझिटिव्ह येते, कधी संसर्ग झाला आणि कुठं झाला हे सांगत नाही, आणि घरात संशय तेवढा पेरून जाते. पांढरं जातंय म्हणून 'टॉर्च पॅनल' लिहून दिलं असेल तर ते कशासाठी, हे विचारा. ती तपासणी या तक्रारीसाठी नाही आणि तिचे दोन-तीन हजार सहज जातात. 'फुल बॉडी एसटीडी पॅकेज' म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं पाच-सहा हजारांचं पॅकेजही बहुतेकांना नको असतं. टीपीएचए ही सिफिलिसची पक्की करणारी टेस्ट उपयोगाची आहे, पण एकदा पॉझिटिव्ह आली की पूर्ण बरे झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहते. त्यामुळे बरं झालं का, हे बघायला ती पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. त्यासाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआरचा आकडा उतरतोय का, ते बघतात.

विमा असेल तरी यातलं फारसं परत मिळत नाही. बहुतेक पॉलिसींत ओपीडीच्या तपासण्या बसत नाहीत.

फुकट कुठं होतं

साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, म्हणजे सिव्हिल. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, कराडला वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'आयसीटीसी' म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र असतं. ग्रामीण रुग्णालयांत आणि बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतही एचआयव्हीची पहिली तपासणी होते. ओपीडीच्या वेळेत सकाळी जा. खिडकीवर तक्रार सांगत बसायची गरज नाही, "आयसीटीसीत जायचंय" एवढं पुरतं.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासण्या-उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेल्या रुग्णालयांत काही किरकोळ शुल्क लागू शकतं, पण एड्स नियंत्रण कार्यक्रमातली चाचणी आणि औषधं तिथंही फुकटच.

केंद्रात आधी समुपदेशक बोलतो, मग रक्त घेतात, रिपोर्ट देताना पुन्हा बोलतो. कागदावर नोंदणी क्रमांक असतो. पहिली रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तेवढ्यावर निदान करत नाहीत. त्याच रक्तावर वेगवेगळ्या पद्धतीच्या एकूण तीन चाचण्या होतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबमध्ये एकाच टेस्टवर पॉझिटिव्ह आला असेल तर कोसळून जाण्याआधी आयसीटीसीत जा. हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण त्या एका कागदाने माणसं उभी-आडवी हादरतात.

एचआयव्ही निघालाच तर एआरटी केंद्रातून औषध कायमचं फुकट मिळतं. सातारा आणि सांगली दोन्हीकडे ही सोय आहे. २०१७ पासून रक्तातल्या सीडी४ पेशी कमी होण्याची वाट न पाहता निदान होताच उपचार सुरू करतात. रोज एक गोळी नियमित घेतली आणि व्हायरल लोड तपासणीत विषाणू सापडेनासा झाला की संबंधातून तो जोडीदाराकडे जात नाही. हिपॅटायटिस बी आणि सीची औषधंही २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांतून मोफत आहेत. खासगीत हिपॅटायटिस सीवर खर्च करण्याआधी सिव्हिलला विचारा.

सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षणांवरून औषधांची रंगीत पाकिटं देतात : लघवीच्या मार्गातून पू येत असेल तर करडं, पांढरं जात असेल तर हिरवं, न दुखणाऱ्या फोडाला पांढरं, हर्पीसला लाल, अशी त्यांची ओळख वर्षानुवर्षं आहे. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत पेशंट हातचा जाऊ नये म्हणून ही पद्धत बसवली. फॅमिली डॉक्टरही याच धर्तीवर औषध लिहू शकतो. परम्यासाठीच्या करड्या पाकिटातल्या औषधांचा एक डोस बाजारात दीडशे रुपयांच्या आत बसतो, जनऔषधी दुकानात त्याहून कमी. औषध इतकं स्वस्त असलं तरी चिठ्ठीशिवाय घेऊ नका. चुकीच्या आजारावर घेतलं की खरं निदान लांबतं.

प्रत्यक्षात सरकारी तपासणीचा खर्च म्हणजे एसटीचं तिकीट आणि बुडालेला दिवस. जत, आटपाडी, दहिवडी, पाटणच्या खोऱ्यातल्या माणसाला हा खर्च खासगी व्हीडीआरएलपेक्षा जड जाऊ शकतो. गावात कुणी बघेल म्हणून दुसऱ्या तालुक्यात जायचं असेल तर बेलाशक जा, आयसीटीसीला हद्द नसते. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. निघण्याआधी १०९७ या नि:शुल्क राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारून घ्या.

या दोन जिल्ह्यांत ही सगळी यंत्रणा इतकी महत्त्वाची का, हे इथल्या पोटापाण्यात आहे. जावळी-पाटणचा माणूस मुंबईत माथाडी, विटा-आटपाडीचा गलाईवाला देशभर सोनं गाळत फिरणारा, महामार्गावर ट्रकचालक, हंगामाला ऊसतोड. घर एकीकडे आणि माणूस महिनोन्महिने दुसरीकडे. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर निरोधाचं काम सुरू केलं आणि १९९६ मध्ये त्याच बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. निरोध वाटणाऱ्या आणि त्याबद्दल बोलणाऱ्या त्या बायकाच होत्या. आरोग्याबद्दल उघड बोलण्याचा धडा या जिल्ह्याला शिकलेल्या मंडळींआधी त्यांनी दिला, असं माझं मत आहे.

बायकांसाठी वेगळं

पांढरं जाणारी प्रत्येक बाई लैंगिक आजाराची पेशंट नसते. पाळीच्या मधल्या दिवसांतला पातळ, वास नसलेला स्राव नेहमीचाच. दह्यासारखा घट्ट आणि खाज असेल तर बुरशी, माशासारखा वास येत असेल तर जंतूंचं संतुलन बिघडलेलं. दोन्ही संबंधाशिवायही होतात, दोन्हींचं औषध स्वस्त आहे. पण डॉक्टरांनी आतून तपासल्याशिवाय हे नक्की ठरत नाही, आणि फॅमिली डॉक्टर पुरुष असेल तर तपासणी टळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात बाई डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आशाताईला विचारा. खासगी स्त्रीरोगतज्ज्ञाची फी तीनशे ते सहाशे.

अविवाहित मुलीला "लग्न झालंय का?" असं विचारून डॉक्टर थांबले तर तिने म्हणावं, "लग्न नाही, पण संबंध आलाय." प्रौढ मुलीची ही माहिती आईवडिलांना सांगण्याचा अधिकार डॉक्टरला नाही. अठराच्या आतली असेल तर मात्र कायदा वेगळा आहे. पोक्सोखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं, हे आधी माहीत असलेलं बरं. वयात येतानाच्या साध्या शंकांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतात, तिथं मुलं-मुली दोघांनाही फुकट बोलता येतं.

गर्भारपणात एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही तपासण्या सरकारी केंद्रात फुकट होतात. खासगी दवाखान्यात नाव घातलं असलं तरी व्हीडीआरएल झाली का, हे फाइल उघडून बघा. सिफिलिस वेळेत सापडला तर पेनिसिलिनच्या अगदी स्वस्त इंजेक्शनने बाळ वाचतं.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणी तिशीनंतर सरकारी केंद्रात मोफत आहे. खासगी पॅप स्मीअरला तीनशे ते आठशे. हा कर्करोग टाळण्यासाठीची एचपीव्हीची लस खासगीत घ्यायची तर पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' साधारण दोन हजारांना एक डोस, नऊ प्रकारांवरची आयात लस त्याच्या कितीतरी पट. चौदा वर्षांपर्यंत दोन डोस, त्यानंतर तीन. विकत घेण्याआधी सरकारी रुग्णालयात लसीकरणाची चौकशी जरूर करा.

गुपित किती राहतं

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत ती गुपचूप घातली आणि बिलात आठशे रुपये दिसले, तर तुम्ही जाब विचारू शकता. पॉझिटिव्ह आहे म्हणून ऑपरेशन नाकारणं किंवा नोकरीवरून काढणं बेकायदा आहे.

नवरा-बायको दोघांचा डॉक्टर एकच असेल तर काय? जोडीदाराला खरा धोका आहे, समजावूनही पेशंट स्वतः सांगणार नाही, आणि "मी सांगणार आहे" असं त्याला आधी बजावलं आहे, या अटी पुऱ्या झाल्यावरच डॉक्टर जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशनासह सांगू शकतो. सासूला, भावाला, मालकाला कधीच नाही. पेशंट बाई असेल आणि सांगितल्याने मारहाण किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती असेल, तर नवऱ्याला सांगू नये असंही कायदा म्हणतो.

पण गुपितं फुटतात ती बहुधा फोनमुळे. लॅबमध्ये घरातल्या सामाईक नंबरऐवजी स्वतःचा द्या, रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर न मागवता हातात घ्या, आणि पैसे भरल्याचा बँकेचा मेसेज मुलाच्या मोबाइलवर जाणार असेल तर पैसे रोख द्या.

'धातू जाते', 'ताकद कमी झाली' म्हणून भिंतीवरच्या जाहिराती वाचून लोक ज्यांच्याकडे जातात, तिथं मात्र गुपित विकतच घेतलेलं असतं, आणि दर महिन्याला हप्ता पडतो. गुप्तरोग आणि लैंगिक ताकदीच्या औषधांची अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही, त्यावर शंभर रुपयेसुद्धा खर्चू नका.

तीन दिवसांचा हिशोब

निरोध फाटला आणि समोरच्याला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल, तर ७२ तासांच्या आत 'पीईपी' औषध सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. जितक्या लवकर तितकं चांगलं, त्यामुळे रविवार असला तरी सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत जा. खासगीत लिहून घेतलं तर महिन्याच्या गोळ्यांना साधारण दीड ते तीन हजार पडतात. लैंगिक अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला प्रथमोपचार मोफत द्यावेच लागतात, पोलीस तक्रार आधी झालेली नसली तरी.

उपचार झाल्यावरचा शेवटचा खर्च जोडीदाराचा. परमा, क्लॅमिडिया, सिफिलिस यांत जोडीदाराची तपासणी-औषध त्याच आठवड्यात झालं नाही तर आजार परत येतो आणि सगळं बिल पुन्हा भरावं लागतं. सुरक्षा क्लिनिकमध्ये जोडीदारालाही औषध फुकटच आहे. दोघांचे उपचार पूर्ण झाल्यानंतर सात दिवस संबंध नको, आणि तीन महिन्यांनी एचआयव्ही व व्हीडीआरएल पुन्हा करायची तारीख डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्या.